कुरटे बेटावरचा मुक्काम

मालवणच्या धक्क्यावर उभे राहून पश्चिमेस दृष्टी टाकली असता तटाची जी लांबच लांब काळी रेषा पाण्यावर दिसते, तिलाच नवखा माणूस कुरटे बेट समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. कारण तटाने हे बेट इतके पूर्णपणे वेढून टाकलेले आहे की, मूळचा कातळ कोठे संपला व मनुष्याची रचना कोठे सुरू झाली, याचा बोध होडी अगदी पायथ्याशी लागेपर्यंत होत नाही. या बेटावरील सिंधुदुर्गाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, आणि तो बहुधा बांधणीचा, तोफांचा व तहनाम्यांचा इतिहास आहे. परंतु जेथे चहूकडे खारे पाणी, पावसाळ्याचे चार महिने दळणवळण जवळपास बंद आणि भूमीचा विस्तार उणापुरा ४८ एकर, अशा ठिकाणी माणसांनी साडेतीनशे वर्षे मुक्काम केला तो कशाच्या आधारावर, आणि तेथे राहणाऱ्यांनी भोवतालच्या समुद्राशी कोणता व्यवहार ठेवला, हा प्रश्न मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो. १३ एप्रिल १९८७ रोजी या बेटाभोवतालचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि तेव्हापासून एकाच पाण्यावर किल्ल्याचा, मच्छीमाराचा, वनखात्याचा व प्रवाशाचा असा चौघांचा हक्क सांगितला जात असल्यामुळे, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकाचा राहिलेला नाही.

इ. स. १६६४ हे साल शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत मोठ्या धामधुमीचे गेले. वर्षारंभी सुरतेची मोहीम झाली. वर्षाच्या उत्तरार्धात कुडाळच्या मुलखात खवासखान, बाजी घोरपडे आणि वाडीकर सावंत यांच्याशी गाठ पडली. आणि त्या मोहिमेची धूळ बसते न बसते तोच, २५ नोव्हेंबर रोजी, मालवणच्या किनाऱ्यावर नव्या जलदुर्गाच्या मुहूर्ताची पूजा झाली. ज्या खडकावर ती झाली असे परंपरा सांगते, तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर आहे आणि त्यावर कोरलेली गणेशाची आकृती व सूर्यचंद्र अद्याप ओळखता येतात. जंजिऱ्याचा सिद्दी वश होत नव्हता, गोव्यात फिरंगी बसलेला होता, वेंगुर्ल्यास वलंदेजांची वखार होती, आणि राजापुरास इंग्रजांनी वखार घालून पाहिली होती. अशा स्थितीत दर्यावर आपली सत्ता चालवावयाची तर किनाऱ्यावरचा किल्ला पुरणार नाही, किल्ला दर्यातच पाहिजे, हा निर्णय ज्याने केला त्याच्या दूरदृष्टीविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. मला येथे सांगावयाचे आहे ते बेटाच्या निवडीविषयी. कुरट्याच्या सभोवती पाण्याखाली खडकांच्या रांगाच्या रांगा पसरलेल्या आहेत. काही ओहोटीला डोके वर काढतात, काही हातभर पाण्याखाली कायमचे दबा धरून असतात. आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा स्थानिक तांडेलावाचून दुसऱ्याला ठाऊक नसतात. परक्या जहाजाला बेटाजवळ येऊ न देणारा पहिला तट हा होय. दगडी तट त्याच्यामागून आला. आज ज्यांच्यासाठी अभयारण्याची सीमा आखलेली आहे, ते प्रवाळांचे खडक बहुतांशी हेच आहेत, ही गोष्ट किल्ला पाहावयास येणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येते.

बांधकाम सुमारे तीन वर्षे चालून १६६७ साली पुरे झाले. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर, उंची सुमारे ३० फूट, रुंदी १२ फूट, अशी मापे सांगतात. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याची, गोव्याहून फिरंगी कारागीर आणल्याची आणि हिरोजी इंदुलकरांनी हे काम पाहिल्याची परंपरा प्रसिद्धच आहे. तट बेटाच्या किनाऱ्याप्रमाणे नागमोडी वळत जातो आणि महाद्वार अशा खुबीने दोन बुरुजांच्या आड घेतलेले आहे की, समुद्रातून ते दिसतच नाही. एवढे सांगून बांधणीचा विषय मी सोडतो. कारण किल्ला बांधणे हे जितके अवघड, तितकेच त्यात राहणेही अवघड, आणि या दुसऱ्या कर्तबगारीची नोंद आपल्याकडे फारशी घेतली जात नाही.

राहावयाचे तर पहिली गोष्ट पाणी. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या भूमीत त्यांचे पाणी गोडे आहे. भाविक मनाला हा चमत्कार वाटतो. पण अशा बेटांवर पावसाचे पाणी जमिनीत मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि बेताने उपसा केला तर वर्षभर पुरते, हे भूजलशास्त्र जाणणारा कोणीही सांगेल. बेत सोडून उपसले की खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर नासते. म्हणजे या बेटावर पाण्याचा हिशेब ठेवणे हे धान्याचा वा दारूगोळ्याचा हिशेब ठेवण्याइतकेच राज्यकारभाराचे काम होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी जे आज्ञापत्र लिहिले, त्यात किल्ल्यांवरील पाण्याविषयी जी ताकीद आहे तिचा आशय असा की, पाणी पाहिल्यावाचून किल्ला बांधू नये. एका झऱ्याच्या भरवशावर राहू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. जादा टाकी करून ठेवावीत आणि ते राखलेले पाणी एरवी खर्ची घालू नये. अमात्य ज्या राज्याचे हुकूमतपन्हा होते त्याच राज्याच्या वाटणीस सिंधुदुर्ग आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही ताकीद कोरडा उपदेश नव्हती, हे पटते.

याच आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिले आहे, ते मला सबंध मराठी राज्यशास्त्रातील अत्यंत थोर वचनांपैकी एक वाटते. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या कामाची खरी. पण रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात, ती बळाने तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही आणि दुसऱ्याला पीडून साधलेले काम टिकत नाही. तेव्हा सागासारखी लाकडे हुजूरच्या परवानगीने रानातून आणावीत, आणि एखादे जीर्ण झाड घेणे भागच असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, असा त्याचा भावार्थ आहे. तलवारीच्या जोरावर चालणाऱ्या त्या काळात, राज्याच्या संरक्षणासारख्या निकडीच्या कामासाठीसुद्धा, एका झाडाच्या धन्याचा राजीपणा आवश्यक मानला गेला, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे आहे.

गडावरचा मुक्काम म्हणजे नेमणूक. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस अशा वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या हाती कारभार वाटलेला असे, तो यासाठी की, एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. सबनिसाकडे हजेरी व दफ्तर, कारखानिसाकडे कोठाराची जमाखर्चाची बाजू. जलदुर्गात या कोठाराला विशेष महत्त्व, कारण मृगापूर्वी आगोटीची बेगमी झाली नाही तर पुढे समुद्रच कोणाला येऊ देत नाही. भात, मीठ, तेल, जळण आणि घरे शाकारावयास चुडते, इतके भरून घेतल्यावर मग नारळी पौर्णिमेपर्यंत बेट आणि किनारा यांचा संबंध नजरेपुरताच. या मुक्कामाची आणखी एक खूण तटाच्या जाडीतच आहे: शिबंदीसाठी तेथे जागोजागी शौचकूप काढलेले आहेत. ४८ एकरांत शेकडो माणसे महिनोन्‌महिने राहावयाची, पिण्याच्या विहिरी मोजून तीन, आणि रोगराई झाली तर वैद्य किनाऱ्यावर. तेव्हा घाण विहिरींपासून दूर, तटाच्या कडेस गेली पाहिजे, हा विचार बांधणाऱ्याने चिरे रचतानाच केलेला होता. आजच्या भाषेत ज्याला आपण तळाची स्वच्छता म्हणतो, तिचे इतके जुने आणि इतके साधे उदाहरण आपल्या किनाऱ्यावर मला दुसरे दिसलेले नाही.

पश्चिमेच्या बाजूस तटातून एका लहानशा वाटेने बाहेर पडले की वाळूचा एक चिमुकला तुकडा लागतो. त्याला राणीची वेळा म्हणतात आणि ताराबाईंचे नाव त्याच्याशी जोडतात. महाद्वाराकडून आत आलेला प्रवासी बहुधा शिवराजेश्वराचे दर्शन घेऊन आणि बुरुजावरील चुन्यात उमटलेले हातापायांचे ठसे पाहून परततो. पण या वाळूवर आल्यावाचून बेट म्हणजे काय हे कळत नाही, कारण तटाच्या आत असताना समुद्र विसरला जातो आणि येथे तो एकदम पायाशी येतो. शिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ साली, उभारले असे सांगतात. त्यातील मूर्ती दाढीविना आणि आपल्या नेहमीच्या चित्रांतल्यापेक्षा निराळ्या शिरोभूषणाची आहे. राज्ये बदलली तरी तेथील पूजा चालू राहिली आणि पूजेच्या, राखणीच्या निमित्ताने काही कुटुंबांचा मुक्कामही चालू राहिला. बेट ओसाड पडले नाही, ते या नेमणुकीमुळे.

राजकारणाचा भाग थोडक्यात आटोपतो. किल्ला पुरा होण्याच्याही आधी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन मालवणहून निघाले आणि दक्षिणेस बसरूरवर जाऊन परतीच्या वाटेवर गोकर्णाचे दर्शन घेऊन आले. त्यांची स्वतःची मोठी समुद्रावरील स्वारी ती हीच. पुढे किल्ला कोल्हापूरकरांकडे गेला. १७६५ साली मुंबईच्या इंग्रजांनी मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांना पाठवून तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पण दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या जिजाबाईंशी तह करून परत केला. १८१२ च्या तहाने सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट ही मालवणची चारही ठिकाणे कायमची इंग्रजांकडे गेली. फोर्ट ऑगस्टस हे नाव आज मालवणात कोणाच्या तोंडी नाही.

इंग्रजी अमलात जलदुर्गाचे लष्करी प्रयोजन संपले. तोफा गंजल्या, सदरेची जोती उरली. परंतु बंदर जिवंत राहिले. मुंबईहून येणारी आगबोट बंदराबाहेर, खडकांपासून अंतर राखून उभी राही आणि उतारू मचव्यांतून किनाऱ्यावर येत. पावसाळा लागला की ही बोटही बंद होई आणि मालवणच्या चाकरमान्याला घाटावरच्या वाटेचा आश्रय करावा लागे. या साऱ्या काळात बेटाभोवतालच्या पाण्याचा खरा कब्जेदार होता तो गाबीत समाज. आपले पूर्वज शिवाजी महाराजांच्या आरमारात होते, हा या समाजाचा अभिमान आहे, आणि दर्याच्या ज्ञानात त्याची बरोबरी करणारे थोडे आहेत.

त्यांच्या व्यवसायातील रापण ज्याने पाहिली नाही, त्याने मालवण पाहिले असे मी म्हणणार नाही. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकीत जावयाचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवावयाचे आणि मग दोन रांगांनी, पाय वाळूत रोवून, तालावर ते ओढीत आणावयाचे. जाळे जवळ येऊ लागले की पाण्याचा रंग बदलतो, बांगड्याचा वा तारलीचा थवा असेल तर पृष्ठभाग थरथरू लागतो, आणि शेवटच्या वावांना म्हातारे, बायका, पोरे सारी दोराला लागतात. पुढे वाटणी होते: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा, आणि ज्याने केवळ येऊन दोराला हात लावला, त्यालाही मूठभर मासळी दिल्यावाचून परत पाठविण्याची रीत नाही. कोणत्या रापणीने कोणत्या किनाऱ्यावर केव्हा जाळे टाकावे, याचे पाळीचे संकेत ठरलेले असत. म्हणजे या समुद्राला १९८७ पूर्वीही कायदा होता. तो कागदावर नव्हता इतकेच. यांत्रिक नौकांचे ट्रॉल आले आणि त्यामागून पर्ससीन आले, तेव्हा या कायद्याला पहिला मोठा धक्का बसला. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम असल्याच संघर्षांच्या काळातला, आणि लहान जाळ्याच्या मच्छीमाराची तक्रार आजही मुख्यतः या यांत्रिक जाळ्यांविरुद्धच आहे.

पाण्याखाली काय आहे, याकडे विद्वानांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, अशी नावे घेण्याची प्रथा. कोकणच्या गढूळ, पावसाळ्यात नद्यांचे लाल पाणी पोटात घेणाऱ्या समुद्रात प्रवाळ कसे तगणार, असे मानले जाई. १९७० नंतरच्या काळात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळांच्या नोंदी केल्या आणि त्यांत मालवणचा समावेश झाला. हे प्रवाळ मोठमोठी बेटे रचणारे नाहीत; खडकावर चिकटून, तुकड्यातुकड्यांनी, चिवटपणे राहणारे आहेत. पोराइटीस नावाच्या जातीचा एखादा गोळा मोठ्या ओहोटीला, पाणी निवळ असेल तर, गुडघाभर खोलीवरही नजरेस पडतो: पिवळट तपकिरी रंग, वरून गुळगुळीत वाटणारा, पण डोळे जवळ नेले म्हणजे दिसते की सबंध पृष्ठभाग सुईने टोचून काढल्यासारख्या बारीक छिद्रांनी भरलेला आहे आणि त्या प्रत्येक छिद्रात एक जीव आहे. या जातीची वाढ साधारणपणे वर्षाला एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हातभर उंचीच्या गोळ्यामागे चाळीस-पन्नास वर्षे उभी असतात. शेजारी सरगॅसमचे तपकिरी रान हेलकावत असते. पावसाळ्यानंतर ते जोमाने वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी झडून लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडते. त्या रानात माशांची पिले वाढतात. रापणीच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचे आणि या रानाचे नाते मच्छीमाराला प्राणिशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक आहे.

आता १९८७ कडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याची घडण जंगल डोळ्यांपुढे ठेवून झालेली. त्या कायद्याखाली मालवणचे २९.१२२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले, त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा आणि उरलेले २५.९४ बाह्य क्षेत्र. पद्मगडाचे बेट आणि भोवतालचे बुडीत खडक गाभ्यात आले. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून वाळूच्या पट्टीने जेथे चालत जाता येते, तोच हा पद्मगड. गाभ्याची रेषा मालवण बंदरापासून अवघ्या ५० मीटरवरून सुरू होऊन मोरयाच्या धोंड्याकडे जाते. राज्यातील हे पहिले सागरी अभयारण्य. हेतू उत्तम होता, जागा अचूक होती, आणि तरीही अधिसूचना निघाल्यापासून मच्छीमारांचा विरोध मावळलेला नाही. कारण ज्यांच्या होड्या या ५० मीटरांच्या अंतरात नांगरलेल्या असतात, त्यांना विश्वासात घेऊन ही रेषा आखली गेली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. पुढे १९९१ मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घेण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज करावी, अशी अट घातली. मालवणच्या बाबतीत ही अट चार वर्षे उशिरा आली.

माझे मत असे की, अभयारण्य हवे, आणि आहे त्याहून अधिक दक्षतेने राखले पाहिजे; परंतु आंब्याच्या एका जीर्ण झाडासाठी धन्याला राजी करावे, असे ज्या बेटाच्या राज्यकर्त्यांनी पावणेतीनशे वर्षे आधी ठरविले होते, त्याच बेटाच्या पाण्यात १९८७ साली तो राजीपणा मागितला गेला नाही, ही चूक साधी मानता येत नाही. तिचे फळ असे झाले की, ज्या समाजाने अभयारण्याचा पहिला पहारेकरी व्हावयाचे, तो त्याचा पहिला वादी झाला. २०१२ च्या पुढील काही वर्षे केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प चालविला, त्यात मच्छीमारांना बरोबर घेण्याचा प्रयत्न झाला. चौकोनी आसाची जाळी वापरून लहान मासळी सोडून द्यावी, पाण्याखालचे जग दाखविण्याचे शिक्षण स्थानिक तरुणांनी घ्यावे, अशी कामे झाली. तुटलेला विश्वास प्रकल्पाच्या मुदतीत जोडला जात नसतो. पण दिशा हीच होती.

दरम्यान प्रवासी आले, आणि त्यांनी सारे चित्र पालटले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, पुढे कोकण रेल्वे आली, आणि तारकर्लीची वाळू व मालवणचे पाणी यांचा लौकिक वाढत गेला. आज किल्ल्याच्या धक्क्यावर हंगामात होड्यांची रीघ असते. त्याच होड्या पुढे बुडीत खडकांकडे जातात आणि काचेचा मुखवटा लावून माणसे पाण्यात डोकी घालतात. यात वाईट काही नाही. मासळी कमी झालेल्या घरात हा पैसा चूल पेटवितो, आणि ज्याने प्रवाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो ते राखण्याच्या बाजूला येण्याचा संभव अधिक. परंतु खडकावर टाकलेला एक नांगर ओढला जाताना जे मोडतो, ते पन्नास वर्षांचे असते. फोटोसाठी प्रवाळावर टेकलेला पाय, मासे जवळ यावेत म्हणून टाकलेला पाव, परतताना पाण्यात सुटलेली पिशवी, यांची बेरीज कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. वाघाच्या अंगावर पाय देऊन कोणी उभा राहत नाही. त्यातच अलीकडच्या वर्षांत समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार मालवणातही दिसले आहेत, आणि त्यावर मालवणच्या हाती काहीच इलाज नाही. म्हणून जे हाती आहे ते तरी नीट झाले पाहिजे.

तटाच्या आत मोजकी कुटुंबे अजून राहतात. पावसाळ्यात त्यांतील पुष्कळजण मालवणास येतात आणि हंगाम लागला की परततात. बाकी जवळजवळ सारे प्रवासी शेवटच्या होडीने किनाऱ्यावर येतात, आणि ते योग्यच आहे, असे मी म्हणेन. तीन विहिरींचे पाणी आणि ४८ एकरांची भूमी, यांवर शिबंदीची शिस्त नसलेल्या हजारोंचा मुक्काम पडणे बेटाला सोसणार नाही. तंबूच ठोकावयाचा असेल तर तारकर्ली-देवबागच्या बाजूस, गावाच्या परवानगीने, सुरूच्या बनाच्या आत ठोकावा; ज्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालावयास येते तेथे रात्री दिवे व शेकोटी नको. त्याहून बरे म्हणजे मालवणात वा देवबागेत एखाद्या घरी न्याहारी-निवासाच्या योजनेत उतरावे. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालेल्या होड्या दिसतात, तांडेलाशी चार शब्द होतात, आणि रापण लागली असेल तर दोराला हात लावता येतो.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यात सिंधुदुर्ग आहे. त्या मानामुळे येणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. तट पुरातत्त्व खात्याकडे, खडक वनखात्याकडे, बंदर बंदरखात्याकडे आणि मासे मत्स्यखात्याकडे, अशी जी वाटणी आज आहे, तीत या चौघांनी आणि मच्छीमारांच्या संस्थांनी एका सदरेवर बसून होड्यांची संख्या, त्यांच्या वाटा आणि नांगरण्याच्या जागा ठरविल्या पाहिजेत. खडकांजवळ कायमची बोयी टाकून तेथेच दोर बांधण्याची सक्ती झाली, तर निम्मे नुकसान एका हंगामात थांबेल. जाणाऱ्याने कार्तिक ते माघ या महिन्यांत जावे, तेव्हा पाणी निवळ असते. पायात पाण्याचे बूट नसतील तर खडकावर उतरू नये. आणि होडीत बसण्यापूर्वीच होडीवाल्याला सांगून ठेवावे की नांगर वाळूत टाक, खडकावर टाकणार असशील तर आम्हाला प्रवाळ पाहावयाचे नाहीत.